जॉन डेन्व्हरचं आयुष्य आणि गाणी रंगमंचावर: कार्यक्रम कसा बांधायचा

जॉन डेन्व्हर या अमेरिकी गायक-गीतकारावर कार्यक्रम करायचा असं कुणी सुचवलं की गाण्यांची यादी त्याच बैठकीत तयार होते. ट्रेकच्या शेकोटीपाशी आणि हॉस्टेलच्या गच्चीवर ही गाणी इतक्या जणांनी गायलेली आहेत की शोधायला कुठे जावं लागत नाही. मग एखादा निवेदक ठरतो, तो दोन गाण्यांच्या मध्ये जन्मतारीख, पुरस्कार, खपाचे आकडे सांगतो. संध्याकाळ बरी जाते, पण घरी परतणाऱ्या प्रेक्षकाला डेन्व्हर नावाचा माणूस भेटलेला नसतो. तो भेटावा असं वाटत असेल, तर कार्यक्रम कसा उभा करावा, ते इथे लिहितो आहे. उदाहरण डेन्व्हरचं आहे, तरी गाणी आणि आयुष्य एकत्र मांडणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमाला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी सूत्र ठरवा

गाण्यांची यादी बाजूला ठेवा आणि त्याचं आयुष्य वाचा. १९९४ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, तिथून सुरुवात करा. वाचताना एकच प्रश्न मनात असू द्या: या माणसाबद्दल आपल्याला नेमकं काय सांगायचं आहे? उत्तर एका वाक्यात मावेपर्यंत संहितेला हात लावू नका.

माझ्या मते डेन्व्हरचं सूत्र 'घर' हे आहे. ३१ डिसेंबर १९४३ रोजी न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला हेन्री जॉन डॉइचेनडॉर्फ ज्युनिअर जन्मला. वडील अमेरिकी हवाई दलात वैमानिक. बी-५८ हे स्वनातीत बॉम्बर विमान उडवून त्यांनी वेगाचे जागतिक विक्रम केले होते. त्यांच्या बदल्यांबरोबर घर फिरत राहिलं: टूसॉन, मॉन्टगोमेरी, फोर्ट वर्थ. मुलगा प्रत्येक शाळेत नवखा. वडील शिस्तीचे, माया बोलून न दाखवणारे. अशात आजीने त्याला १९१० सालची गिब्सन गिटार दिली. नव्या गावात मित्र मिळवायला हीच गिटार कामी आली. पुढे हा मुलगा सगळ्या जगाच्या तोंडी घराकडे नेणाऱ्या रस्त्याचं गाणं देतो आणि स्वतःचं घर मात्र त्याच्या हातून निसटतं. एवढा धागा हाती आला की कुठलं गाणं घ्यायचं, कुठलं सोडायचं, याची भांडणं निम्म्याने कमी होतात.

तुमचं सूत्र वेगळं असू शकतं. वडील आणि मुलगा, निसर्ग आणि त्यासाठी केलेलं काम, किंवा लोकप्रियता आणि समीक्षकांनी सतत केलेली उपेक्षा, यांपैकी कशावरही चांगला कार्यक्रम होईल. दोन सूत्रं मात्र एकत्र घेऊ नका.

प्रसंग निवडताना

रंगमंचावर माहिती टिकत नाही, प्रसंग टिकतो. म्हणून सात-आठ प्रसंग निवडा आणि बाकीचं सोडून द्या. मी हे घेईन.

पहिला प्रसंग नावाचा. लॉस एंजेलिसच्या क्लबांत गाऊ लागल्यावर त्याला सुचवण्यात आलं की डॉइचेनडॉर्फ हे नाव फलकावर मावायचं नाही. त्याने एका शहराचं नाव घेतलं, ज्या डोंगरांवर त्याचा जीव होता त्या कोलोरॅडोच्या राजधानीचं. घराचा शोध इथेच, नावापासून सुरू होतो.

दुसरा प्रसंग १९६६ चा. चॅड मिचेल ट्रायो या त्रयीत गात असताना त्याने निरोपाचं एक गाणं लिहिलं. स्वतःच्या खर्चाने काढलेल्या तबकडीच्या सुमारे अडीचशे प्रती नाताळची भेट म्हणून वाटल्या, त्यात ते होतं. निर्माते मिल्ट ओकन यांनी ते पीटर, पॉल अँड मेरी या गायक-त्रयीपर्यंत पोचवलं आणि १९६९ च्या डिसेंबरात 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसऱ्यांच्या आवाजात.

तिसऱ्या प्रसंगावर भरपूर वेळ घालवा, कारण नाट्य इथे आयतं आहे. डिसेंबर १९७०, वॉशिंग्टनचा सेलर डोअर क्लब. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट हे जोडपं त्याच्याबरोबर कार्यक्रम करत होतं. रात्री प्रयोग संपल्यावर मोटारीला अपघात झाला आणि डेन्व्हरचा अंगठा मोडला. तसाच तो त्यांच्या घरी पोचला. त्यांनी त्याला एक अर्धवट गाणं ऐकवलं. ते गायक जॉनी कॅशला द्यायचा त्यांचा विचार होता. पहाटेपर्यंत बसून तिघांनी ते पुरं केलं. तेच 'टेक मी होम, कंट्री रोड्स'. गाणं वेस्ट व्हर्जिनियाचं, पण ते सुरू करणारं जोडपं त्या राज्यात राहिलेलं नव्हतं. चाल सुचली होती मेरीलँडमधल्या एका अरुंद रस्त्यावरून जाताना. गाण्यातले डोंगर आणि नदीसुद्धा बहुतांशी शेजारच्या व्हर्जिनियात येतात. तरीही २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते आपल्या राज्यगीतांपैकी एक म्हणून स्वीकारलं. कधी न पाहिलेल्या घराची ओढ इतकी खरी वाटली, यातच डेन्व्हरच्या गाण्याचं बळ आहे. तुमच्या निवेदकाला हे नीट सांगता आलं, तर त्या संध्याकाळचा मोठा टप्पा पार पडला असं समजा.

त्यानंतर कोलोरॅडो. अ‍ॅस्पेनला स्थायिक होणं, डोंगरातल्या तळ्याकाठी पाहिलेला उल्कावर्षाव आणि त्यातून आलेलं 'रॉकी माउंटन हाय'. मग 'अ‍ॅनीज साँग'. पत्नी अ‍ॅनीसाठी लिहिलेलं हे गाणं स्की-लिफ्टवरून डोंगर चढताना, सुमारे दहा मिनिटांत सुचलं, असं तो सांगत असे. १९७४ मध्ये ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं.

उत्तरार्धात हात आखडू नका. १९७५ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोच्च पुरस्कार त्याला जाहीर झाला, तेव्हा मंचावरच्या गायक चार्ली रिचने नाव असलेलं पाकीट लायटरने पेटवलं. अ‍ॅनीशी घटस्फोट झाला. १९८५ मध्ये आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी अमेरिकेतले मोठे गायक एका गाण्यासाठी जमले, तेव्हा भुकेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलेल्या डेन्व्हरला त्यात जागा मिळाली नाही. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला तो सिनेटच्या समितीपुढे गेला आणि गाण्यांवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावण्याला त्याने विरोध केला. आपल्या 'रॉकी माउंटन हाय'मध्ये काही रेडिओ केंद्रांना अमली पदार्थ दिसले होते, हे त्याने तिथे सांगितलं. १९८७ मध्ये चेर्नोबिलच्या पीडितांसाठी त्याने किएव्हला कार्यक्रम केला. नव्वदच्या दशकात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोनदा अटक झाली. हेही सांगा. श्रद्धांजलीच्या नावाखाली माणूस गुळगुळीत केला, की त्याच्या गाण्यांतली तहान कळेनाशी होते.

गाण्यांचा क्रम

मध्यंतरासह सव्वादोन तासांचा प्रयोग धरा. त्यात सोळा गाणी पुरेत. सरासरी चार मिनिटं धरली तर गाण्यांना चौसष्ट मिनिटं लागतात. निवेदन आणि प्रसंगांना चाळीस मिनिटं ठेवा. बाकीचा वेळ टाळ्या, गिटार बदलणं आणि मध्यंतर यांत जातोच.

क्रम ठरवताना सर्वात मोठा मोह असतो तो निरोपाचं गाणं मृत्यूनंतर ठेवण्याचा. विमानाचं गाणं, विमान अपघात: जुळणी आयती दिसते. ती करू नका. ते बाविशीतल्या पोराचं, प्रेयसीपासून दूर जातानाचं गाणं आहे. ते पूर्वार्धात त्याच्या काळात आलं की त्याचा कोवळेपणा ऐकू येतो. शेवटी ठेवलं तर फक्त रडवण्याचं साधन होतं.

पूर्वार्ध 'रॉकी माउंटन हाय'वर संपवा. घर सापडल्याचा आनंद घेऊन लोक चहाला जाऊ देत. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं टाळ्यांचं हवं, म्हणजे रेंगाळलेले प्रेक्षक जागेवर येतात. 'थँक गॉड आय अ‍ॅम अ कंट्री बॉय' याला अगदी योग्य आहे. हे गाणं त्याचा वादक जॉन सॉमर्स याचं. १९७५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली आवृत्ती थेट कार्यक्रमातली आहे, त्यामुळे श्रोत्यांच्या टाळ्या हा त्या गाण्याचाच भाग आहे.

मृत्यूचा प्रसंग चार-पाच वाक्यांत सांगा. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे उपसागर, लाँग-ईझी जातीचं लहानसं विमान, तो एकटाच, वय ५३. विमानाचा आवाज लावू नका, पडद्यावर तारखा दाखवू नका. त्यानंतर आजीच्या गिटारीवरचं 'धिस ओल्ड गिटार' एकाच गायकाने, एकाच गिटारवर गावं. बदल्यांच्या बालपणापासून त्याच्या सोबत राहिलेली वस्तू तीच होती, आणि सूत्र तिथे आपोआप पुरं होतं. सभागृहाला सोबत गायचं असतंच. त्यासाठी शेवटी 'कंट्री रोड्स' सगळ्यांनी मिळून पुन्हा म्हणा. पूर्वार्धात ते तीन आवाजांत झालेलं असेल, आता सगळं नाट्यगृह गाईल. एकच गाणं दोनदा झाल्याची तक्रार कुणी करणार नाही.

निवेदन

मराठी प्रेक्षकाला निवेदनासह गाणी ऐकण्याची जुनी सवय आहे, आणि त्यातूनच आपल्याकडे निवेदन लांबत जातं. सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका, म्हणजे साधारण सव्वादोनशे शब्द. भाषा बोलती ठेवा. 'अवघ्या विश्वाला भुरळ घालणारा' यासारखी विशेषणं संहितेतून काढून टाका आणि त्या जागी एक तपशील घाला.

गाणी मूळ इंग्रजीतच गा. आशय मात्र गाण्याआधी दोन वाक्यांत सांगा, म्हणजे इंग्रजी गाणी कमी ऐकणारे आजी-आजोबाही मागे पडत नाहीत. ओळीचा ओळीला अर्थ सांगत बसू नका. मराठी अनुवाद गायचा असेल, तर त्याला मूळ हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते.

कोण गाणार

सोनेरी केसांचा टोप आणि गोल चष्मा घालून कुणालाही उभं करू नका. पहिल्या मिनिटाला हशा पिकतो आणि त्यानंतर प्रेक्षक दोन तास मूळ आवाजाशी तुलना करत बसतात. शिलाँगचे लू माजॉ १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करतात. ते डिलनसारखे दिसायला जात नाहीत. पांढरे लांब केस, आखूड कापलेली जीन्स आणि स्वतःचा आवाज घेऊन ते उभे राहतात. म्हणून तर लोक इतकी वर्षं येत राहिले.

डेन्व्हरची गाणी तीन-चार गायकांत वाटून द्या. २००५ मध्ये न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवेवर (म्हणजे ब्रॉडवेपेक्षा लहान नाट्यगृहात) त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला, त्यातही ती अनेक आवाजांत वाटलेली होती. एक गायिका हवीच. प्रेमाचं गाणं तिच्या तोंडी दिलं की ते ज्या अ‍ॅनीसाठी लिहिलं तिची बाजूही मंचावर येते.

वाद्यं, पट्टी, तालमी

सत्तरच्या दशकात डेन्व्हरच्या साथीला डिक निस बेस वाजवत, स्टीव्ह वाइसबर्ग गिटार आणि स्टील गिटार, जॉन सॉमर्स बँजो, फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि मँडोलिन. आपल्याला एवढाच आवाज हवा: दोन अकूस्टिक गिटार, जमल्यास त्यांतली एक बारा तारांची, शिवाय बेस, व्हायोलिन आणि मँडोलिन किंवा बँजो. ड्रम्सचा पूर्ण संच नको. काहोन (बसून हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) किंवा ब्रशने वाजवलेला एखादा स्नेअर भागवून नेतो.

व्हायोलिनवादक हिंदुस्थानी शास्त्रीय पद्धतीचे असतील, तर त्यांच्या तारा सा-प मध्ये मिळवलेल्या असतात. फिडलच्या तुकड्यांसाठी त्या पाश्चात्त्य पद्धतीने जी-डी-ए-ई मिळवाव्या लागतील. हे पहिल्याच तालमीत बोलून घ्या, कारण बोटांची सवय बदलायला वेळ लागतो. स्टील गिटार कुठून आणायची ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये हवाईयन गिटार वाजवणारे वादक होते आणि अजूनही सापडतात. अशा एखाद्या बुजुर्ग वादकाला रेकॉर्ड ऐकवा. मींड त्यांच्या हातात असतेच.

डेन्व्हरचा आवाज उंच, टिपेला सहज जाणारा. बहुतेक पुरुष गायकांना मूळ पट्टी झेपत नाही. 'कंट्री रोड्स' रेकॉर्डवर ए मेजरमध्ये आहे. ते जी मध्ये उतरवा, समूहगानालाही सोयीचं जातं. 'रॉकी माउंटन हाय'ला गिटारची सहावी तार डी पर्यंत उतरवावी लागते, म्हणून त्यासाठी वेगळी गिटार मिळवून विंगेत तयार ठेवा. मंचावर तार उतरवत बसलात तर नुकताच सांगून झालेला प्रसंग विरून जातो. 'अ‍ॅनीज साँग' तीन मात्रांच्या झुल्यात आहे. तिथे गिटार ठोकू नका, बोटांनी छेडा. तबला घालावा असं कुणीतरी हमखास सुचवेल. या गाण्यांना तो मानवत नाही, नम्रपणे नाही म्हणा.

आठ आठवडे हातात ठेवा. पहिले दोन वाचनात आणि सूत्रात, पुढचे तीन फक्त गाण्यांवर. सहाव्या आठवड्यापासून निवेदक प्रत्येक तालमीला हवाच, कारण शेवटच्या वाक्यावर गिटार नेमकी कधी सुरू व्हायची हे कागदावर ठरत नाही. शेवटच्या आठवड्यात सलग तालमी आणि एक रंगीत तालीम घ्या, तीही घड्याळ लावून.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे आणि टाळला तर महागात पडतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात गीत-संगीताचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. डेन्व्हरची गाणी निदान २०५७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, आणि सहरचनाकार असतील तर शेवटच्या रचनाकाराच्या मृत्यूपासून मोजणी होते. मंचावर गाणी गाण्याचा परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे मागावा लागतो. अर्जासोबत गाण्यांची आणि रचनाकारांची नावं अचूक द्या. डेन्व्हरची म्हणून ओळखली जाणारी अनेक गाणी त्याच्या एकट्याची नाहीत. हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. देणगी प्रवेशिका ठेवणार असाल तर ती सूट गृहीत धरू नका.

मैफलीचा परवाना मैफलीपुरताच असतो. नट पात्रं होऊन संवाद बोलू लागले आणि गाणी कथेत गुंफली गेली, की ते नाट्यप्रयोगात मोडू शकतं आणि प्रकाशकांची थेट परवानगी लागते. पहिल्या प्रयोगासाठी म्हणूनच निवेदन आणि गाणी हा साधा घाट बरा. महाराष्ट्रात नाट्यसंहिता असेल तर ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी पाठवावी लागते. पडद्यावर दाखवायच्या छायाचित्रांचे आणि मूळ चित्रफितींचे हक्क वेगळे. इंटरनेटवर सापडलं म्हणून वापरू नका. प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकण्याचा हक्कही मंचाच्या परवान्यात येत नाही.

आवाज आणि उजेड

नाट्यगृहातली ध्वनिव्यवस्था बहुधा संवादांसाठी लावलेली असते. बारा चॅनेलचा मिक्सर, गिटार आणि बेस थेट मिक्सरला जोडण्यासाठी डीआय बॉक्स, गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून निदान तीन मॉनिटर स्पीकर आणि लोकसंगीत ऐकलेला ध्वनिसंयोजक, एवढं ठरवूनच तारीख घ्या. अकूस्टिक गिटारची पोकळी मोठ्या आवाजात घुमते आणि शिट्टी येते. गिटारच्या तोंडावर रबरी झाकण बसवा, मॉनिटर खाली ठेवा आणि शंभर ते अडीचशे हर्ट्झचा पट्टा थोडा कापा. शब्द कळणं या गाण्यांचा प्राण आहे, म्हणून गायकाचा आवाज कायम वाद्यांच्या वर.

नव्या तारा प्रयोगाच्या दोन दिवस आधी चढवा. नाट्यगृहातलं वातानुकूलन सुरू झालं की लाकूड आणि तारा दोन्ही हलतात, तेव्हा गिटार मंचावर आणून अर्धा तास तशीच ठेवा आणि मग मिळवा.

प्रकाशयोजनेत फिरते रंगीत दिवे नकोत. पिवळसर उबदार प्रकाश, डोंगराच्या गाण्यांना निळसर पार्श्वभूमी आणि निवेदकासाठी बाजूला स्वतंत्र झोत पुरे. नेपथ्यात एक लाकडी खुर्ची आणि गिटारचं उघडं पेटीघर ठेवलं तरी घर बदलत राहणारा मुलगा दिसतो. पडद्यावर छायाचित्रं दाखवणार असाल तर गाणं चालू असताना बदलू नका. लोक गायकाकडे पाहायचं सोडतात.

प्रयोगाच्या दिवशी

रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर दुपारी दोनला नाट्यगृह ताब्यात हवं. तीन वाजेपर्यंत वायरी, साडेचारपर्यंत ध्वनितपासणी, मग प्रत्येक गाण्याची फक्त सुरुवात आणि शेवट. पूर्ण गाणी गाऊ नका, गळे राखा. एका व्यक्तीला विंगेत फक्त गिटार बदलायला उभं करा आणि तिला क्रमाचा मोठ्या अक्षरातला कागद द्या. पहिल्या घंटेआधी निवेदकाने सगळी परदेशी नावं मोठ्याने म्हणून पाहावीत. आणि 'कंट्री रोड्स'च्या धृपदाचे शब्द प्रवेशिकेच्या मागे छापायचा विचार असेल, तर त्याचीही परवानगी लागते. ती नसेल तर छापू नका, बहुतेकांना ते शब्द पाठ असतात.